आमचा श्वास तपासा, आणि पाळ्यांचा तक्ताही

मा. कारखाना व्यवस्थापक, मनुष्यबळ विभागाचे प्रमुख, कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी आणि पाळ्यांचा तक्ता ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी टाइम ऑफिसमार्फत, म्हणजे हजेरी आणि पाळ्या बघणाऱ्या कचेरीमार्फत, रीतसर दिलं होतं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आज ते सर्वांसमोर ठेवतो आहे. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, तुमचीही नावं घेत नाही. जिथे जिथे रात्रभर यंत्रं चालतात, रुग्णालयांचे वॉर्ड जागे असतात, नाक्यावर पहारे असतात, त्या सगळ्या ठिकाणच्या लोकांनी हे वाचावं आणि आपल्या कामाच्या जागेशी ताडून पाहावं, एवढीच इच्छा आहे.

गेल्या महिन्यात सूचना फलकावर एकाच दिवशी दोन परिपत्रकं लागली. पहिल्यात लिहिलं आहे की प्रत्येक पाळीआधी गेटवर श्वासचाचणी होईल. दारू आढळली तर निलंबन, दुसऱ्यांदा आढळली तर बडतर्फी. दुसऱ्यात पाळ्यांचा नवा तक्ता आहे. आतापर्यंत आमची पाळी दर तीन आठवड्यांनी बदलायची आणि पुढे सरकायची. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. आता ती दर आठवड्याला बदलणार, तीही उलटी. तिसरीवरून दुसरी, दुसरीवरून पहिली. साप्ताहिक सुट्टीही पाळीबदलाच्या दिवशी न ठेवता आठवड्याच्या मधोमध टाकली आहे.

ही दोन्ही परिपत्रकं शेजारी शेजारी लावणाऱ्या माणसाला त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं वाटलं नसावं. तो संबंध मी अंगावर काढला आहे. म्हणून लिहितो आहे.

मी २२ वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या विभागात आहे. त्यातली ११ वर्षं मी पीत होतो. गेली चार वर्षं थेंबही घेतलेला नाही. पिणं ही माझीच चूक होती, तिची जबाबदारी मी कुणावर ढकलत नाही. माझ्या संसाराचं, माझ्या बायकोच्या तब्येतीचं जे नुकसान झालं ते माझ्या हातून झालं. पण ते पिणं सुरू कसं झालं आणि सुटलं कसं, हे मात्र तुम्हाला माहीत असायला हवं. कारण दोन्ही वेळा त्यात पाळीचा हात होता.

तिसरी पाळी सकाळी ७ ला सुटायची. घरी पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. खिडकीला चादर ठोकलेली, कानात कापसाचे बोळे, आणि डोळे टक्क उघडे. अंग इतकं दमलेलं की कूस बदलणं नको वाटायचं, पण डोकं मात्र भर चौकात उभं असल्यासारखं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दार आपटू नये म्हणून ती वहीच्या कागदाची घडी करून चौकटीत खोचायची, आणि कडी दोन बोटांत धरून, श्वास रोखून, हळूच लावायची. ती कडी लागल्याचा बारीक आवाज मला रोज ऐकू यायचा. म्हणजे मी रोज जागाच असायचो. अशाच एका सकाळी एका जुन्या सोबत्याने सांगितलेला उपाय केला. एक पेग घेतला, आणि पंधरा मिनिटांत झोपलो. किती दिवसांनी असं झालं होतं! चार-पाच दिवस ते औषधासारखं चाललं. मग एकाने भागेना.

नंतर कळलं की असं का होतं. दारू मेंदूला गुंगी आणते, झोप लवकर लागते, हे खरं आहे. पण त्या गुंगीची मेंदूला फार लवकर सवय होते, थोड्याच दिवसांत तेवढाच पेग पुरेनासा होतो. शिवाय दारू अंगातून उतरू लागली की दाबून ठेवलेला मेंदू उलट उसळतो. झोपेच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप कमी होते आणि दुसऱ्या भागात माणूस सारखा जागा होतो, छाती धडधडते, घाम येतो. मी सकाळी साडेआठला झोपायचो आणि साडेअकराला टक्क जागा. मग पुन्हा पेग. संध्याकाळी जड डोक्याने उठायचं, रात्री तोंड धुऊन पुन्हा कामावर. घशाचे स्नायू सैल पडतात म्हणून घोरणं वाढतं, ज्यांचा झोपेत श्वास अडकतो त्यांचं दुखणं आणखी वाढतं. झोपेसाठी घेतलेली दारूच झोप खात होती, आणि ती भरून काढायला मी आणखी दारू घेत होतो.

आणि हे सगळं सकाळी. आजूबाजूची माणसं कामाला निघालेली असताना माझ्या तोंडाला वास. सकाळी पिणारा म्हणजे कामातून गेलेला, असं जग समजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, पिण्याचा धोका ओळखणाऱ्या 'ऑडिट' नावाच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीतही एक प्रश्न असा आहे, की आदल्या दिवशी जास्त प्यायल्यानंतर सकाळी स्वतःला चालतं करण्यासाठी पहिला घोट लागला का. प्रश्न योग्यच आहे. पण रात्रपाळीवाल्याची सकाळ ही त्याची रात्र असते. तो उठण्यासाठी पीत नसतो, झोपण्यासाठी पीत असतो. आपल्या दवाखान्यात हा फरक मला एकदाही कुणी विचारला नाही. फॉर्म भरला, खूण केली, पुढचा माणूस आत.

आता तक्रारी सांगतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत मोठी तक्रार तक्त्याबद्दल. साधा हिशेब करून पाहा. पाळी पुढे सरकत असेल तर पहिली पाळी दुपारी ३ ला सुटते आणि दुसरी पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी ३ ला लागते. मध्ये २४ तास मिळतात, सुट्टी धरली नाही तरी. पाळी उलटी फिरली की तिसरी सकाळी ७ ला सुटते आणि दुसरी त्याच दिवशी दुपारी ३ ला लागते. मध्ये आठ तास. दुसरीवरून पहिलीवर येतानाही तसंच, रात्री ११ ला सुटून सकाळी ७ ला परत हजर. त्या आठ तासांतून जाण्यायेण्याचा वेळ काढा, आंघोळ-जेवण काढा, घरच्या माणसांशी दोन शब्द बोलायचे तेही काढा. झोपेला चार तास उरले तर नशीब. दर आठवड्याला हे होणार.

शरीर हे मुकाट सहन करत नाही, आणि त्यामागे नीट माहीत असलेलं कारण आहे. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तोच शरीराचं मुख्य घड्याळ. कधी झोप यावी, कधी अंगाचं तापमान उतरावं, कधी रात्र झाल्याची खूण देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरावं, हे तिथून ठरतं. यकृत, आतडी, स्नायू यांची स्वतःची छोटी घड्याळं त्याच्या तालावर चालतात. हे घड्याळ बाहेरच्या उजेडाने जुळवून घेतं, पण चालतं स्वतःच्या बळावर. १७२९ साली दे मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिलं होतं, तरी त्याची पानं आपल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. पेशींच्या आत हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. म्हणजे मी इथे कुठलाही आळशीपणाचा बहाणा सांगत नाही आहे.

माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं जास्त, सुमारे २४.२ तासांचं असतं. म्हणून आपल्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. पुढे सरकणारी पाळी शरीराच्या कलाने जाते, उलटी फिरणारी त्याच्या विरुद्ध. हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. १९८२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्याचा अनुभव छापून आला. तिथेही दर आठवड्याला उलटी फिरणारी पाळी होती. संशोधकांनी ती पुढे सरकणारी केली आणि बदलाचा काळ २१ दिवसांचा केला. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी कमी झाल्या, उत्पादनही वाढलं. ४० हून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी जो तक्ता मोडला, तो आज तुम्ही नवा म्हणून लावता आहात. आणि जो मोडता आहात तो नेमका त्यांनी स्वीकारलेल्या तक्त्यासारखा आहे, पुढे सरकणारा, तीन आठवड्यांचा!

कुणी म्हणेल, होईल सवय. २२ वर्षांत मला झाली नाही. कायम रात्रपाळी करणाऱ्यांचे जे अभ्यास झाले त्यांतही ज्यांचं घड्याळ पुरतं उलटलं असे कामगार शंभरात तीनसुद्धा निघाले नाहीत. घरी जाताना ऊन डोळ्यांत शिरतं आणि घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढलं जातं. मग दर आठवड्याला फिरवल्या जाणाऱ्या माणसाने कशाची सवय करायची?

दारूचा आणि या घड्याळाचा संबंध फक्त 'दमला म्हणून प्यायला' एवढाच नाही, हेही सांगायला हवं. २००५ साली उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 'पर-२' हे घड्याळाचं जनुक ज्यांच्यात बिघडवलेलं होतं ते उंदीर इतर उंदरांपेक्षा जास्त दारू प्यायले. त्यांच्या मेंदूत ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन जास्त साठत होतं. दारू सोडणाऱ्या माणसांना अ‍ॅकॅम्प्रोसेट नावाचं औषध देतात, ते या उंदरांना दिल्यावर त्यांचं पिणं उतरलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. रात्रपाळी करणारे सगळे पितात असंही नाही. माझ्या सोबतच्या निम्म्याहून जास्त जणांनी कधी शिवलेली नाही. पण घड्याळ बिघडलं की मेंदूची दारूकडची ओढ बदलू शकते, आणि दारू पुन्हा घड्याळच बिघडवते, झोपेआधी घेतली तर रात्रीचं मेलाटोनिन कमी करते. हे चक्र खरं आहे. मी त्यात ११ वर्षं फिरलो आहे.

दुसरी तक्रार श्वासचाचणीबद्दल. आधी स्पष्ट सांगतो, चाचणीला माझा विरोध नाही. प्यायलेल्या माणसाने प्रेसला हात लावता कामा नये. माझ्या पिण्याच्या काळात कुणी मला गेटवरून परत पाठवलं असतं तर आज मी त्याचे पाय धरले असते. तक्रार एवढीच आहे की तुम्ही धोक्याचा एकच अर्धा भाग मोजता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दारू सोडून मला दोन वर्षं झाली होती. मी दुसऱ्या पाळीला होतो, माझ्या जागी येणारा रिलिव्हर आला नाही म्हणून मला सलग तिसऱ्या पाळीला थांबवलं. पहाटे साडेचारची वेळ. पत्रा डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात ठेवायचा, दोन्ही हात बाहेर, दोन्ही बटणं एकदम दाबायची, हे मी लाखो वेळा केलेलं काम. त्या पहाटे पत्रा ठेवला आणि हात तिथेच राहिला. मला जाग होती, डोळे उघडे होते, हात दिसत होता. पण तो माझा आहे आणि बाहेर काढायचा आहे, हे डोक्यात येईना. शेजारच्या पोराने हाक मारली तेव्हा भान आलं. दोन बटणांची सोय होती म्हणून प्रेस चाललीच नसती, हे खरं. पण यंत्राने वाचवलं म्हणून माणूस शुद्धीवर होता असं होत नाही. त्या क्षणी तुमची नळी माझ्या तोंडाला लावली असती तर शून्य आलं असतं.

१९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हेच मोजून दाखवलं. १७ तास सलग जागा असलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. २४ तास जागरण झालं की तो बिघाड ०.१० टक्क्यांच्या आसपास पोचतो. अनेक देशांत ०.०५ टक्क्यांवर गाडी चालवणं हा गुन्हा आहे. मी त्या पहाटे जवळजवळ २२ तास जागा होतो. दारूने तेवढी अवस्था झाली असती तर मला बडतर्फ केलं असतं. जागरणाने झाली, तर हजेरीपटावर डबल ड्यूटी लागली आणि सुपरवायझरने पाठ थोपटली.

डबल ड्यूटीबद्दल वेगळं लिहीत नाही, ते वरच्यातच आलं. फक्त एक. २०१५ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. आठवड्याला ४८ तासांहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये धोकादायक प्रमाणात पिणं सुरू होण्याची शक्यता, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी जास्त आढळली. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण हजारो माणसांच्या कामावर तो लावून पाहा.

तिसरी तक्रार मनाबद्दल आहे, आणि ती लिहिताना हात अडखळतो.

दारूबद्दल निदान परिपत्रक तरी निघतं. मन खचलेल्या माणसासाठी फलकावर एक ओळही नसते. रात्रपाळीच्या दुसऱ्या आठवड्यात काय होतं ते सांगतो. आधी चिडचिड. मग चिडायचीही ताकद उरत नाही. घरात असून नसल्यासारखं. मुलगी काही दाखवायला येते, आणि तुम्ही 'छान' म्हणता, पण आत काहीच हलत नाही. सगळं जग काचेच्या पलीकडे. एकदा पहाटे, कारखान्याच्या मागच्या शेडजवळ बसलो असताना, 'आपण नसलो तरी काय बिघडणार आहे' असा विचार इतक्या शांतपणे मनात आला की त्याची भीतीसुद्धा वाटली नाही. भीती दुसऱ्या दिवशी वाटली. हे मी बायकोलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. आज इथे लिहितो, कारण तिसऱ्या पाळीत असं वाटणारा मी एकटा नाही हे मला माहीत आहे, आणि ज्याला वाटतं त्याने ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं, डॉक्टरकडे जावं. मी उशीर केला.

हाही निव्वळ माझा अनुभव नाही. ब्रिटनमध्ये ९१ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दिवसाच्या धावपळीत आणि रात्रीच्या विसाव्यात फरक कमी होता, म्हणजे ताल पुसट झाला होता, त्यांच्यात नैराश्याचा आणि मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार जास्त दिसला. त्यात आधी काय आणि नंतर काय हे तेवढ्यावरून ठरत नाही. पण २०२२ साली प्रयोगशाळेत रात्रपाळीची नक्कल करून पाहिली गेली. १९ जणांचाच प्रयोग, लहानच. ज्यांना दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खायला दिलं, त्यांच्यात उदासीची लक्षणं २६ टक्क्यांनी आणि चिंतेची १६ टक्क्यांनी वाढली. ज्यांना फक्त दिवसाच खायला दिलं, त्यांच्यात ती वाढली नाहीत. खाण्याच्या वेळेने मनःस्थितीत एवढा फरक पडत असेल तर उलट्या पाळीने काय होत असेल?

आणि या उदासीवर सगळ्यात जवळचा, सगळ्यात सोपा इलाज कोणता? पुन्हा तोच पेला. दारू दोन तास मन हलकं करते आणि उतरताना त्याला आणखी खाली नेते. वैद्यकीय अधिकारी साहेब, दारू, झोप आणि मन या तिघांच्या तीन वेगळ्या फायली करू नका. माझ्यात तरी तो एकच आजार होता.

चौथी तक्रार उपचाराबद्दल, आणि इथे माझं सगळं पणाला लागलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी मी दारू सोडली तेव्हा मला सांगण्यात आलं, 'दारू सोडा, झोप आपोआप येईल.' आली नाही. जो वर्षानुवर्षं प्यायला आहे त्याची झोप, दारू सोडल्यावर महिनोन्‌महिने बिघडलेली राहू शकते, आणि झोप न येणं हे पुन्हा पिण्याकडे वळण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. बाहेरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, की या माणसाला सहा महिने ठरलेल्या वेळेला झोपू द्या, रात्रपाळी नको. टाइम ऑफिसने ती परत केली. नियम सगळ्यांना सारखे, एकाला सूट दिली तर सगळे मागतील. तेव्हाच्या माझ्या सुपरवायझरने कागदावर काही न आणता, स्वतःच्या जबाबदारीवर, दुसऱ्या कामगारांशी बोलून मला पाच महिने पहिल्या पाळीत ठेवलं. माझ्या जागी रात्री उभे राहिलेल्या त्या तिघांचे उपकार मी फेडू शकत नाही. पहिले सात आठवडे तरीही झोप आली नाही. आठव्या आठवड्यात एका रात्री साडेनऊला डोळे मिटले, ते पहाटे पाचला उघडले. मी उठून बसलो आणि बायकोला उठवून सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती रडली.

मी वाचलो ते कुणाच्या तरी भलेपणामुळे, तुमच्या नियमामुळे नाही. माझ्या सोबत्याला ते मिळालं नाही. त्याचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. नव्या चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात तो सापडला आणि निलंबित झाला. त्याच्या आदल्या महिन्यात तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला होता, झोप येत नाही, पिणं आवरत नाही, काही करा म्हणून. ती नोंद तुमच्याकडे आहे. त्यावर काय केलं गेलं, एवढं फक्त मला सांगा.

आता मागण्या. एकही अशी नाही की जी पूर्ण करायला नवा शोध लागायला हवा.

पाळ्यांचा नवा तक्ता ताबडतोब थांबवा. पाळी पुढेच सरकली पाहिजे, आणि सुट्टी पाळीबदलाच्या दिवशी आली पाहिजे. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती द्या, आणि सलग दोन पाळ्या कुणालाही करायला लावू नका. अगदी आणीबाणी असेल तर ती गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९० साली रात्रीच्या कामाबाबत ज्या शिफारशी केल्या त्यांत ह्या दोन्ही गोष्टी आहेत. तक्ता ठरवताना तिसऱ्या पाळीतली माणसं त्या बैठकीत बसलेली असावीत.

जो कामगार स्वतःहून येऊन सांगेल की मला दारूचा त्रास आहे, त्याच्यावर कारवाई होणार नाही, असं लेखी द्या. त्याला यंत्रावरून बाजूला घ्या, उपचारासाठी रजा द्या, नोकरी राखून ठेवा. आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर पहिले काही महिने त्याला दिवसाच्या ठरलेल्या पाळीत ठेवणं हा नियम करा. सुपरवायझरच्या मनावर ते सोडू नका, चांगला सुपरवायझर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखर बघता तसं, झोप किती आणि कशी, मन कसं आहे, पिणं कधी आणि कशासाठी, हेही विचारा. ते दवाखान्यातच राहिलं पाहिजे. मनुष्यबळ विभागाच्या फायलीत गेलं तर कुणीही खरं बोलणार नाही.

तिसऱ्या पाळीत वीस-तीस मिनिटांच्या डुलकीला परवानगी द्या आणि त्यासाठी एक अंधारी, शांत खोली द्या. आज पोरं लॉकरच्या मागे उभ्या उभ्या झोपतात आणि पकडली गेली की मेमो मिळतो.

श्वासचाचणी चालू ठेवा. तिच्या शेजारी एक रकाना वाढवा, शेवटची झोप कधी आणि किती तास. १७ तासांहून जास्त जागा असलेल्याला प्रेसवर, क्रेनवर, भट्टीवर पाठवू नका. त्याचा पगारही कापू नका, नाहीतर तो रकाना खोटाच भरला जाईल.

आणि माझ्या सोबत्याचं निलंबन, त्याने स्वतःहून मागितलेली मदत लक्षात घेऊन, पुन्हा तपासा. दारू पिऊन तो गेटवर आला, हे चूकच होतं, तोही ते कबूल करतो. त्याला उपचाराची एक पूर्ण संधी द्या.

हे लिहिल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई होईल ते मला माहीत नाही. होईल ती होवो. नव्या तक्त्याप्रमाणे येत्या सोमवारी रात्री ११ ला माझी तिसरी पाळी सुरू होते. आठवडा संपेल त्या दिवशी मी सकाळी ७ ला सुटेन आणि त्याच दुपारी ३ ला परत गेटवर उभा असेन. नळी लावाल तेव्हा शून्य येईल. मग मला विचारा, किती तास झोपून आलात? मी खरं उत्तर देईन. तुम्ही ते कुठे लिहून घेणार आहात, ते त्याआधी ठरवून ठेवा.

आपला,
प्रेस शॉपमधला एक कामगार